हिजरी सनाचा उगम आणि मदीनेतील आद्य इस्लामी समाज

इस्लामच्या आरंभीच्या इतिहासाचा अभ्यास करू लागणाऱ्या विद्यार्थ्यास प्रथम भेटतो तो एक आकडा : इ. स. ६२२. या वर्षी मुहम्मद पैगंबरांनी मक्का सोडून यस्रिब नगरीत, म्हणजे पुढे मदीना या नावाने प्रसिद्धीस आलेल्या ठिकाणी, वास्तव्य केले व तेव्हापासून हिजरी सन सुरू झाला, असे पाठ्यपुस्तकांतून सांगितलेले असते. विधान स्थूलमानाने खरे आहे; परंतु त्यात दोन भिन्न गोष्टी एकत्र मिसळून गेलेल्या आहेत. स्थलांतर ही एक घटना; त्या घटनेपासून वर्षे मोजावयाची असे ठरविणे ही दुसरी. या दोहोंमध्ये सुमारे १६-१७ वर्षांचे अंतर आहे, आणि या अवधीतच एका लहान श्रद्धावंत मंडळीचे रूपांतर सीरिया व इराक यांवर सत्ता चालविणाऱ्या राज्यात झाले. म्हणून हिजरी सनाचा उगम शोधणे म्हणजे केवळ पंचांगाचा इतिहास पाहणे नव्हे. त्या समाजाने स्वतःची ओळख कशात मानली हे पाहणे होय.

‘हिजरा’ या शब्दाचे मराठीत ‘पलायन’ असे भाषांतर पुष्कळदा आढळते. ते युरोपीय ग्रंथांच्या द्वारे आलेले असून मूळ अर्थास न्याय देणारे नाही. अरबी धातूचा अर्थ संबंध तोडणे, सोडून जाणे असा आहे. सातव्या शतकातील अरबस्तानात मनुष्याच्या जीविताचे रक्षण करणारी संस्था म्हणजे त्याचे कूळ. राज्यसत्ता नाही, न्यायाधीश नाही, दंडशक्ती नाही. कोणी मारला गेला तर त्याचा सूड घेण्यास अगर रक्तमूल्य वसूल करण्यास कूळ पुढे येईल, हीच काय ती शाश्वती. मक्केत मुहम्मदांना कुरैश जमातीतील बहुसंख्य पुढाऱ्यांचा विरोध होत असतानाही ते सुरक्षित राहिले, ते त्यांचे चुलते अबू तालिब यांनी कुळप्रमुख या नात्याने त्यांस दिलेल्या आश्रयामुळे. अबू तालिब स्वतः नव्या धर्मात आले नाहीत, असे बहुतेक सुन्नी परंपरा मानते. शिया परंपरेस हे मान्य नाही. त्यांच्या मृत्यूनंतर हा आश्रय संपला. अशा परिस्थितीत कूळ सोडून परक्या गावी जाणे म्हणजे स्वतःस नागवे करून घेणे होते. ज्यांनी ते केले त्यांना ‘मुहाजिर’ ही संज्ञा लाभली व ती पुढे मानाची पदवी ठरली, ती याच कारणाने.

यस्रिबमध्ये त्या वेळी औस व खज्रज या दोन अरब जमाती दीर्घकालीन वैराने थकून गेल्या होत्या. त्यांच्याबरोबर कैनुका, नजीर व कुरैजा ही ज्यू कुळे तेथे नांदत होती. इ. स. ६२१ व ६२२ मध्ये अकबा येथे झालेल्या शपथांनी यस्रिबच्या काही लोकांनी पैगंबरांना संरक्षणाचे वचन दिले. तेथे गेल्यावर त्यांनी जी व्यवस्था घातली तिचा मजकूर इब्न इसहाक याने जतन केला असून तो इब्न हिशाम याच्या संस्करणातून आज उपलब्ध आहे. या लेखास आधुनिक अभ्यासक ‘मदीनेची संविदा’ म्हणतात. इस्लामी परंपरेच्या ऐतिहासिकतेविषयी ज्यांनी तीव्र शंका घेतल्या त्यांपैकीही बहुतेकांनी हा लेख अस्सल मानला आहे. त्याचे कारण उघड आहे. उत्तरकालीन मुसलमान लेखकास रचावासा वाटेल असा हा लेख नाही : त्यात ज्यूंना श्रद्धावंतांच्या बरोबरीने एका ‘उम्मा’त समाविष्ट केले आहे व प्रत्येकाने आपापला धर्म पाळावा असे म्हटले आहे, भाषा जुनाट व दुर्बोध आहे, आणि रक्तमूल्य, कैद्यांची सुटका, परस्परसंरक्षण अशा रोखठोक व्यवहाराखेरीज त्यात फारसे काही नाही. कुळे मोडलेली नाहीत. परंतु त्यांच्यावर एक नवे छत्र उभारले आहे, आणि तंटा निर्माण झाल्यास तो ईश्वराकडे व मुहम्मदांकडे न्यावा असे ठरविले आहे.

ही व्यवस्था तिच्या मूळ स्वरूपात टिकली नाही, हेही स्पष्टपणे नोंदले पाहिजे. हिजरी २ मध्ये कैनुका व ४ मध्ये नजीर यांना नगराबाहेर घालविण्यात आले. ५ मध्ये खंदकाच्या वेढ्यानंतर कुरैजांवर शत्रूशी संधान बांधल्याचा आरोप येऊन त्यांच्या पुरुषांस ठार करण्यात आले व स्त्रिया-मुलांस गुलाम करण्यात आले, असे मुसलमान चरित्रकारच सांगतात. हिजरी २ मध्येच नमाजाची दिशा जेरुसलेमकडून मक्केकडे वळली आणि रमजानचा उपवास विहित झाला. तोवर मुहर्रमच्या दहाव्या दिवशीचा, ज्यूंच्या प्रायश्चित्तदिनाशी साम्य असलेला, उपवास पाळला जात असे. धर्माचरण व राजकीय संबंध यांची ही समांतर गती लक्षात घेतल्यावाचून मदीनेतील दहा वर्षांचा उलगडा होत नाही.

आता कालगणनेकडे वळावयाचे. इस्लामपूर्व अरबांस अखंड सन ठाऊक नव्हता, असे जे सरसकट म्हटले जाते ते बरोबर नाही. दक्षिणेकडील हिम्यरी राज्यात इ. स. पूर्व ११० च्या सुमारापासून मोजलेला सन चालू होता. उत्तरेकडे रोमन प्रांताचा, इ. स. १०६ पासून मोजलेला बोस्त्राचा सन प्रचारात होता व नमारा येथील सुप्रसिद्ध शिलालेखावर त्या सनाचे २२३, म्हणजे इ. स. ३२८, हे वर्ष कोरलेले आहे. मात्र मक्का व मदीना यांच्या परिसरात, जेथे राज्यसत्ता नव्हती, तेथे वर्षे घटनांवरून ओळखली जात : ‘हत्तीचे वर्ष’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अल्-बीरूनी याने आपल्या कालगणनाविषयक ग्रंथात असे सांगितले आहे की, मदीनेत आल्यानंतरही पैगंबरांच्या हयातीत प्रत्येक वर्षास एकेक नाव होते. पहिले ‘परवानगीचे’ आणि दहावे ‘निरोपाचे’. आपल्याकडे ‘दुर्गादेवीचा दुष्काळ’ म्हणून काळ सांगण्याची जी रीत होती तिच्याच जातीची ही रीत. लहान समाजास ती पुरते. प्रांतोप्रांतीचे हिशेब ठेवू लागणाऱ्या सत्तेस ती पुरत नाही.

दुसरे खलीफा उमर (इ. स. ६३४–६४४) यांच्या कारकीर्दीत ही अडचण तीव्र झाली. बसऱ्याचा सुभेदार अबू मूसा अल्-अशअरी याने खलीफांकडून येणाऱ्या पत्रांवर तारीख नसते अशी तक्रार केली, अशी एक कथा आहे. दुसऱ्या कथेप्रमाणे खलीफांपुढे एक कर्जरोखा आला व त्यावर केवळ ‘शाबान’ महिना लिहिलेला होता. हा शाबान कोणता, गेलेला की येणारा, असा प्रश्न पडला. तेव्हा सल्लामसलत झाली. कोणी रोमनांचा सन घ्यावा म्हटले, तो फार जुना म्हणून नाकारला गेला. कोणी इराण्यांचा सुचविला, परंतु त्यांच्याकडे नवा राजा आला की गणना पुन्हा पहिल्यापासून सुरू होते हा आक्षेप निघाला. पैगंबरांचा जन्म, त्यांस झालेला पहिला साक्षात्कार, हिजरा व त्यांचा मृत्यू असे चार आरंभबिंदू पुढे आले व त्यांतून हिजरा निवडला गेला. ही सूचना अली यांची होती असे अनेक वृत्तांत सांगतात. निर्णयाचे वर्ष कोठे हिजरी १६, कोठे १७, तर कोठे १८ दिलेले आहे.

या कथा शब्दशः खऱ्या मानण्याचे कारण नाही. त्या तबरी (मृत्यू इ. स. ९२३), बीरूनी आदी ग्रंथकारांनी पुष्कळ उशिरा नोंदलेल्या असून प्रत्येक कथेत एकेका थोर सहकाऱ्यास श्रेय देण्याची हौस दिसते. बीरूनीने तर याच प्रसंगी ‘तारीख’ हा शब्द इराणी ‘माह-रोज’ यावरून बनला अशी व्युत्पत्ती दिली आहे. ती टिकणारी नाही. त्या शब्दाचा संबंध चंद्र व महिना या अर्थाच्या जुन्या सेमिटिक धातूशी आहे. (मराठीतील ‘तारीख’ व ‘तवारीख’ हे दोन्ही शब्द त्याच मुळाचे.) तथापि कथांचा तपशील बाजूस ठेवला तरी त्यांचा गाभा, म्हणजे उमर यांच्या काळी अखंड सन सुरू झाला ही गोष्ट, स्वतंत्र पुराव्याने सिद्ध होते, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यास या प्रकरणात सर्वांत शिकण्याजोगे असेल तर ते हेच.

हा पुरावा म्हणजे मिसरमध्ये सापडलेला व आज व्हिएन्ना येथील ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेला एक पपायरस. मजकूर अगदी साधा : अब्दुल्ला बिन जाबिर नामक अरब सेनानीने इहनास येथील स्थानिक अधिकाऱ्यांकडून आपल्या सैनिकांसाठी ६५ मेंढ्या घेतल्या, त्याची ही पावती. ग्रीक व अरबी अशा दोन भाषांत ती लिहिलेली असून अरबी भागाच्या शेवटी जमादिलावल, वर्ष २२ असे नमूद आहे. ग्रीक भागात मिसरी महिना व रोमन करवर्ष दिलेले असल्याने दोहोंचा मेळ घालता येतो. तारीख पडते २५ एप्रिल ६४३. उमर तेव्हा हयात होते. म्हणजे ज्या सनाची कथा तबरी अडीच शतकांनी सांगतो, तो मिसरच्या एका आडगावातील मेंढ्यांच्या पावतीवर त्याच खलीफाच्या हयातीत वापरला जात होता. अल्-उला या गावाच्या परिसरात सापडलेल्या एका शिलालेखात जुहैर नावाच्या मनुष्याने उमर यांच्या मृत्यूच्या वेळी आपण हे लिहिले असे सांगून २४ हे वर्ष दिले आहे. कैरो येथील संग्रहालयात ३१ या वर्षाची एक समाधिशिला आहे. इ. स. १९७७ च्या सुमारास काही पाश्चात्त्य संशोधकांनी आद्य इस्लामविषयीची अरबी परंपरा समूळ त्याज्य ठरविण्याचा जो प्रयत्न केला, त्यास या क्षुल्लक दिसणाऱ्या कागद-दगडांनी फार मोठी मर्यादा घातली. परंपरा सर्वस्वी खरी आहे असे मात्र त्यामुळे सिद्ध होत नाही.

या लेखांत एक गोष्ट आढळत नाही व तिची नोंद घेतलीच पाहिजे. त्यांत ‘वर्ष २२’ असे आहे; ‘हिजरेचे वर्ष’ असे नाही. पॅलेस्टाइनमधील हम्मत गादेर येथील स्नानगृहाच्या जीर्णोद्धाराचा, मुआविया खलीफाच्या काळचा, इ. स. ६६२ चा ग्रीक शिलालेख आहे. आरंभी क्रूस कोरलेल्या त्या लेखात हे वर्ष ‘अरबांप्रमाणे ४२’ असे सांगितले आहे. सन एकच, पण प्रजा त्याला राज्यकर्त्यांच्या नावाने ओळखत होती. मग हिजरेशी त्याचा संबंध उत्तरकाली जोडला गेला काय? तसे वाटत नाही. कारण वर उल्लेखिलेल्या मेंढ्यांच्या पावतीच्या पाठीवर ग्रीक लेखकाने त्या अरब सैनिकांना ‘मागारिताय’ म्हटले आहे. हा ‘मुहाजिर’ शब्दाचाच ग्रीक उच्चार होय. सिरियाक ग्रंथांत त्याच अर्थी ‘म्हग्राये’ हा शब्द वारंवार येतो. जिंकलेल्या प्रदेशातील लोकांनी प्रथम या नवागतांना मुसलमान म्हणून नव्हे, तर ‘स्थलांतर करून आलेले’ म्हणून ओळखले, आणि ते नाव त्यांनी स्वतःच सांगितले असले पाहिजे.

येथे उमर यांच्या राज्यव्यवस्थेचा संदर्भ लागतो. बसरा, कूफा व फुस्तात ही छावणीची नगरे याच दशकात वसली. वाळवंटातील जमाती सोडून तेथे येऊन राहणे यालाही ‘हिजरा’च म्हणत. हिजरी २० च्या सुमारास उमर यांनी सैनिकांच्या तनख्याचा ‘दीवान’ घातला. त्यात तनखा ठरला तो कुळाच्या प्रतिष्ठेवर नव्हे, तर इस्लामच्या सेवेत कोण आधी आला यावर : बद्रच्या लढाईत लढलेल्यांस सर्वांत अधिक, मक्का जिंकल्यावर शरण आलेल्यांस पुष्कळ कमी. बलाजुरीने दिलेले आकडे निरनिराळ्या वृत्तांतांत भिन्न आहेत. तत्त्व मात्र सर्वत्र तेच. ज्या राज्यात मनुष्याचा दर्जा व उत्पन्न तो कोणत्या वर्षी आला यावरून ठरे, त्या राज्यास वर्षे मोजण्याचा आरंभ स्थलांतरापासून करावासा वाटला यात नवल नाही. जन्म अथवा मृत्यू यांपैकी काही निवडले असते तर सन एका व्यक्तीचा झाला असता. शिवाजी महाराजांनी इ. स. १६७४ मध्ये सुरू केलेला राज्याभिषेक शक सिंहासनाशी बांधलेला आहे, इराणी यज्दगर्दी सनही तसाच. हिजरी सन समाजाच्या स्थापनेशी बांधलेला आहे, हा त्याचा विशेष.

सनाचा आरंभ मात्र स्थलांतराच्या दिवसापासून धरलेला नाही. परंपरेनुसार पैगंबर कुबा येथे रबिलावलच्या १२ तारखेस सोमवारी पोचले; पण अरबी वर्ष मुहर्रमने सुरू होते व हज आटोपून लोक परततात ती वेळ सोयीची म्हणून त्याच वर्षाचा १ मुहर्रम हा आरंभ ठरला. तो दिवस गणिताने शुक्रवार, १६ जुलै ६२२ येतो. ज्योतिषी १५ जुलै धरतात. आता याच गणिताने १२ रबिलावल काढला तर २४ सप्टेंबर येतो, आणि त्या दिवशी सोमवार नसून शुक्रवार आहे. सोमवार हवा असेल तर २० सप्टेंबर, म्हणजे ८ रबिलावल, घ्यावा लागतो. काही ग्रंथकारांनी तो घेतलाही आहे.

या विसंगतीचे मूळ केवळ तारखेच्या चुकीत नाही. इस्लामपूर्व अरबांच्या महिन्यांची नावेच ते ऋतूंशी बांधलेले असल्याचे सुचवितात : ‘रबी’ म्हणजे वसंत, ‘रमजान’ या शब्दात तीव्र उन्हाचा अर्थ. किनाना जमातीतील ‘कलम्मस’ नावाचे अधिकारी हजच्या वेळी ‘नसी’ जाहीर करीत. नसी म्हणजे अधिक महिना घालणे, की पवित्र महिन्याचे पावित्र्य पुढच्या महिन्यावर ढकलणे, याविषयी एकमत नाही; बीरूनीच्या मते तो अधिक महिनाच होता व ही पद्धत अरबांनी ज्यूंपासून सुमारे दोन शतके आधी उचलली होती. महिने बारा असून त्यांतील चार पवित्र आहेत व नसी ही अश्रद्धेत भर आहे, असा स्पष्ट निषेध कुराणाच्या नवव्या सूऱ्यात येतो. आणि हिजरी १० मधील, मार्च ६३२ च्या, अखेरच्या हजच्या वेळी पैगंबरांनी काळ आपल्या मूळ स्थितीस परत आला आहे अशा आशयाचे उद्गार काढले, असे परंपरा सांगते. तेव्हा नसी म्हणजे अधिक मास असेल, तर हिजरी १० पूर्वीच्या सर्व तारखा शुद्ध चांद्र गणिताने मागे मोजणे चुकीचे ठरते व पहिल्या वर्षाचा आरंभ सुमारे तीन महिन्यांनी मागे, वसंतात, जातो. बद्र, उहुद, खंदक यांच्या ज्या इसवी तारखा ग्रंथांतून निःशंकपणे दिल्या जातात, त्या सर्वांस हा ‘जर’ चिकटलेला आहे.

नसी बंद झाल्याने धर्माचरणास एक अपूर्व वैशिष्ट्य आले. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. त्यामुळे रमजान व हज सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतात, आणि कोणत्याही एका हवामानाच्या प्रदेशास उपवास कायमचा सोपा किंवा कायमचा कठीण राहत नाही. नवचंद्र हे लोकांसाठी व हजसाठी कालनिदर्शक आहेत असे कुराण सांगते, म्हणून महिन्याचा आरंभ प्रत्यक्ष चंद्रदर्शनाने धरण्याचा बहुसंख्यांचा कटाक्ष आहे. फातिमी खलीफांनी (इ. स. ९०९–११७१) गणिती पद्धत स्वीकारली व तिचे वारस असलेले दाऊदी बोहरा आजही ती पाळतात, मुंबईत बोहऱ्यांचा रमजान इतरांच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतो तो यामुळे. जकातीतही हा दुहेरीपणा आहे : रोकड व गुरे यांवर चांद्र वर्ष पुरे झाल्यावर, पण धान्यावर कापणीच्या वेळी. शेतीला चंद्र पुरत नाही, हे शरीअतीनेही जाणले होते.

राज्यांना ते अधिक कटुतेने जाणवले. बगदादच्या अब्बासी खजिन्यात सारा नवरोजला वसूल होई; अधिक दिवसांची दुरुस्ती बंद पडल्याने नवरोज हळूहळू पिके हिरवी असतानाच येऊ लागला व शेतकऱ्यास कर्ज काढून सारा भरावा लागे. अल्-मुतवक्किलने सुधारणेचा प्रयत्न केला, पण तो तडीस गेला नाही, अल्-मुतजिदने हिजरी २८२ (इ. स. ८९५) मध्ये तो दिवस ११ जूनला नेला.

दक्षिण भारतात याच अडचणीतून शुहूर सन निघाला. त्याचा आरंभ मुहम्मद तुघलकाच्या कारकीर्दीत, हिजरी ७४५ म्हणजे इ. स. १३४४ मधील मृगापासून मानला जातो. त्या वर्षाचा हिजरी अंक तसाच घेऊन पुढे वर्ष सौर केले, आणि अंक अरबी शब्दांत लिहिण्याची चाल ठेवली. पेशवे दप्तराची ओळख असलेल्यास ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१ हे सांगावयास नको. मृगसालात ५९९ मिळविले की त्याच्या पहिल्या, जून ते डिसेंबर, भागाचे इसवी वर्ष येते व पुढील भागासाठी ६०० मिळवावे लागतात. पानिपतचे युद्ध, १४ जानेवारी १७६१, शके १६८२ पौष शुद्ध ८, या सालात पडते. त्या दिवशी हिजरी सन मात्र ११७४ चालू होता. चार शतकांत चंद्र सूर्याच्या १३ वर्षे पुढे निघून गेलेला आहे, आणि मराठी पत्रात दोन्ही एकाच ओळीत नांदतात : साल मृगाचे सौर, तर महिना जमादिलाखर व त्यापूर्वीचा ‘छ’, म्हणजे चंद्र, हिजरी. हा चंद्र सूर्यास्ताबरोबर बदलतो, मध्यरात्री अथवा सूर्योदयास नव्हे. म्हणून रात्री लिहिलेल्या पत्राची तिथी, वार व ‘छ’ यांचा मेळ बसत नाही असे दिसताच लेखकास चुकीचे ठरविण्यापूर्वी पत्र दिवसाच्या कोणत्या प्रहरी लिहिले गेले हे पाहावे लागते.